बारा पॉइंट सात

काल संध्याकाळीच खटके पाडून ठेवले,
पॅनेलचा, पंपाचा, दिव्यांचा.
रात्रभर चौघींना कुणी काही देऊ नये,
कुणी काही मागू नये.
उन्हातून नुकत्याच आलेल्या बॅटरीला विचारलं
तर ती काहीही सांगते.
उसनं अवसान ते. उतरू द्यावं लागतं,
असं नोल्बेर्तो म्हणायचा.

सकाळी खोपटाचं दार बर्फाने धरून ठेवलेलं.
खांदा लावला.
खाली बेकर नदी, तिचा तो हिरवा आवाज,
आणि उत्तरेच्या डोंगराआड अजून न उगवलेला सूर्य.
आमच्याकडे तो कडेकडेनेच जातो,
हिवाळ्यात तर पाहुण्यासारखा, टोपीसुद्धा न काढता.

आत फळीवर चौघी. काळ्या, गप्प, झाकण नसलेल्या.
ट्रकच्या जुन्या बॅटरीत नळी घालून
तो आम्ल तोलायचा, पाणी पाजायचा.
ह्या आल्या तेव्हा वरून हात फिरवत म्हणाला,
"एदुविना, ह्यांच्या पोटात शिरता येत नाही.
नुसती नाडी बघायची."

एकमेकींना बांधलेल्या तारा आधी सोडवल्या.
बांधलेल्या असल्या की चौघी मिळून एकच आकडा सांगतात.
मग हातमोजा दातात धरून
लाल लालवर, काळी काळीवर.
पहिली बारा पॉइंट सात.
दुसरी तेवढीच.
तिसरी, तीही तेवढीच.
चौथी जरा कमी.

इथेच थांबले असते.
पण लिसांद्रोने रेडिओवर बजावलं होतं,
मावशी, निजलेल्या माणसाचं वजन कळत नाही,
ओझं देऊन बघ.
म्हणून ट्रकचा हेडलाइट एकेकीला जोडला,
घड्याळ लावलं, चुलीवरची किटली आणून माते पीत बसले.
पहिलीने तासभर उजेड धरला, आकडा सावकाश उतरला
जसा शहाणा माणूस उतार उतरतो.
दुसरीनेही.
तिसरी वीस मिनिटांत अकरा पॉइंट चार.
हेडलाइट तांबूस,
भिंतीवरची खोगिरं पुन्हा अंधारात.

हे एका हिवाळ्यात होत नाही.
म्हणून त्याची वही काढली.
जून. जुलै. ऑगस्ट.
रोजची तारीख, रोजच्या चार ओळी,
बारा पॉइंट सात, बारा पॉइंट सात,
खाली खाली बारा पॉइंट सात.
कुठलीच बॅटरी अशी वागत नाही.
जुलैतला तो आठवडा, पॅनेलं बर्फाखाली पुरलेली,
मेणबत्तीच्या उजेडात मी त्याचा निळा स्वेटर उसवला होता,
त्या आठवड्यातही
बारा पॉइंट सात.

उतारावर कोरलेल्या एकेचाळीस पायऱ्या आहेत खोपटापर्यंत.
मी आज मोजल्या. आधी कधी मोजल्या नव्हत्या.

तो चुलीपाशी बसून लिहायचा तर.
मी कणीक मळत विचारायची, बॅटऱ्या?
बारा पॉइंट सात.
आणि तू?
तेवढाच.
मी हसायचे.
ऑक्टोबरात त्याला घोड्यावर बसवला, मग बोटीत,
तेव्हासुद्धा काठावरून हात केला त्याने
अगदी भरलेल्या माणसासारखा.

लिसांद्रो म्हणतो, एक गेली की चारही बदलाव्यात,
नव्या-जुन्या एकत्र नांदत नाहीत.
चारही म्हणजे अकरा मेंढ्या.
बघू, लोकर निघाल्यावर.
तोवर तिसरीला ओळीतून काढलं.
ती असली की बाकीच्या रात्रभर तिलाच पाजत बसतात
आणि पहाटे सगळ्याच रिकाम्या.
ढकलगाडीत घालून कोंबड्यांकडे नेली.
तिथे एकच बारका दिवा आहे, तासभर लागतो,
तेवढं तिला जमेल.

उरलेल्या तिघींची टोकं पुसली,
हिरवट बुरशी टूथब्रशने घासली, व्हॅसलीन लावलं,
नट आवळले, फार नाही.
वहीत त्याच्या शेवटच्या पानानंतर एक पान कोरं सोडलं.
मग तारीख.
पहिली, ओझ्याखाली, तासाने: बारा पॉइंट दोन.
दुसरी: बारा पॉइंट एक.
तिसरी: कोंबड्यांकडे.
चौथी अजून लिहिली नाही.
तिला हेडलाइट लावून आलेय,
किटली उकळली की
पुन्हा वर जायचंय.