ठाव

हामरफेस्टच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर
माझी खोली. खिडकीला जाड पडदा.
बाहेर दिवस असो वा नसो, डिसेंबरात नसतोच,
आत सतरा वर्षं मी अंधार सांभाळते.

आज रिस्टिन आली. बारा आठवडे, चार दिवस.
सोबत आस्लाक, अंगाला अजून बोटीवरच्या डिझेलचा वास,
टोपी मांडीवर, टोपीत दोन्ही हात.
"जेल गार लागेल," मी म्हटलं. सगळ्यांनाच म्हणते.

पडद्यावर ते आलं: अंगठ्याएवढं,
उताणं, लाथा झाडत, कुणाची पर्वा नसलेलं.
ती हसली. मी मोजत गेले.
डोक्यापासून बुडापर्यंत एकसष्ट मिलिमीटर. छान.
मग मानेमागची ती काळी फट,
जिथे थोडं पाणी सगळ्यांच्याच असतं.
तीन पूर्णांक नऊ.

ते कूस बदलेपर्यंत थांबले. पुन्हा मोजलं.
तेवढंच.
नाकाचं हाड असावं तिथे
पांढरी रेघ नव्हती; किंवा मला दिसली नाही.
या दोहोंत फरक आहे,
त्या फरकाचाच मला पगार मिळतो.

चेहरा कोरा ठेवायला शिकवलंय आम्हाला.
पण बटणांची टकटक थांबली
की बायकांना कळतंच.

डॉक्टर हेर्डिस आल्या, खुर्ची ओढून बसल्या.
अकरात एक, म्हणाल्या. रक्त ट्रॉम्सोला पाठवू.
कदाचित एक गुणसूत्र जास्तीचं, कदाचित काहीच नाही.
हे निदान नव्हे, अंदाज.

तेव्हा आस्लाक पहिल्यांदा बोलला,
आमच्याशी नाही, पडद्याशी:
"बोटीवर आमच्याकडेही असंच यंत्र आहे.
आवाज खाली सोडायचा, परत येईल त्यावरून ठाव घ्यायचा.
एकदा कॉडचा हा एवढा घोळका दिसला,
जाळं टाकलं, वर आली नुसती जेलीफिश.
आणि एकदा काहीच दिसत नव्हतं, तेव्हा..."
पुढचं त्याने टोपीतच ठेवलं.

"हा मासा नाहीये, आस्लाक," रिस्टिन म्हणाली.
रागाने नाही.
मग मला: "अजून थोडा वेळ राहू द्या ना तिथेच."

बाहेर बाकावर चौघी खोळंबलेल्या.
नियमाने वीस मिनिटं, चाळीस होऊन गेलेली.
मोजायचं काही उरलं नव्हतं.
मी प्रोब हलवला नाही.
त्याने हात वर नेला, तोंडापाशी,
आणि आम्ही तिघं
त्याची जांभई संपायची
वाट बघत बसलो.