बिल क्रमांक एक्केचाळीस

पहिलं बिल मी एकपासून सुरू केलं नाही.
एक आकडा नव्या चपलेसारखा करकरतो,
गिऱ्हाइकाला लांबून ऐकू जातो.
म्हणून एक्केचाळीस.
आधीची चाळीस मी मनातच फाडली.

गणपत गल्लीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत
माझ्याआधी लिहिणारे सतरा निघाले.
डीटीपीवाला इराण्णा छपाईवर मजकूर फुकट देतो,
बाळेकुंद्रीचा पेंटर शिडीवर उभ्याउभ्या जुळवतो,
शिवाय प्रत्येक मालकाला एक भाचा असतो,
बी.कॉम.ला बसलेला,
आणि तो छान लिहितो.

"अक्षराला पैसे?"
शहापुरात साडीवाले धोंगडी म्हणाले,
"काय सांगूलालीस पोरी,
अक्षरं अंकलिपीत फुकट की."
चहा मात्र पाजला.

उद्यमबागेत व्हॉल्व्हचं माहितीपत्रक मिळता मिळता राहिलं.
"वजन लिहा, आटे लिहा, भोक किती ते लिहा.
बाकी लोखंड बोलतंय."
त्या रात्री नमुन्याच्या चार पानांतून
उत्कृष्ट, दर्जेदार, विश्वसनीय
एकेक करून उपटत गेले, भांगलणीला बसल्यासारखी.
अर्धं पान उरलं.
अर्ध्या पानाचे किती सांगायचे?

मग मार्चमध्ये पाट्या उतरल्या.
वर कन्नड, मोठं, नियमाप्रमाणे.
खाली चार बोटं जागा.
कुंदेवाले मुचंडीकर टेप लावून म्हणाले,
"एवढ्यात मराठी बसव.
आजोबा, तूप, चव, सगळं आलं पाहिजे.
जमतंय काय बघ."

चौकात कुणी भाषेसाठी ओरडत होतं,
कुणी भाषेवर.
मी आत पट्टी घेऊन
वेलांट्यांची उंची मोजत होते.
नऊ दिवस.
आजोबा गेले, तूप गेलं,
'सुप्रसिद्ध' तर पहिल्याच दिवशी गेलं.
उरलं ते असं:

अजून ढवळतोय.

एक उकार तेवढा खाली लोंबतो. लोंबू दे.

मुचंडीकरांनी तीनदा वाचलं,
मग कढईकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"दोन शब्दांचे आठशे?"
"दोन शब्दांचे नाहीत. बाकीचे काढायचे."
पाचशे दिले
आणि अर्धा किलो कुंदा,
पुडा खालून गरम.

इराण्णाकडे बिल छापायला गेले.
त्यानं आकडा टाइप केला, थांबला,
पुडा स्वतःच सोडला.
"एक्केचाळीस?"
मी भिंतीवरच्या लग्नपत्रिका बघत राहिले.
"मी एकशेएकपासून चालू केलो की," तो म्हणाला,
बोट चाटत.
"आणि मजकूर फुकट का देतो ठाऊक आहे?
सगळ्यांना एकच देतो."

प्रिंटर घरघरला.
निपाणीच्या एका तंबाखूवाल्याचा नंबर
त्यानं बिलाच्या पाठीवर लिहून दिला.
आता हे बिल मुचंडीकरांना देऊ कसं?
दुसरं छापावं लागलं.
त्याचे दहा रुपये
त्यानं घेतले.