व्हिनेगर

उणे एकतीस. दाराची बिजागरी किंचाळते
आणि रोदेलियो आत येतो, भुवयांवर बर्फ,
हॉस्पिटलच्या धुलाईघरातली रात्रपाळी
डोळ्यांत तशीच.
हातमोजे दातांनी ओढून काढतो.
"वाळू," म्हणतो. इतकंच.

मी तीन पिशव्या काउंटरवर मांडते.
पहिली पिठीसाखरेसारखी. देखणी,
पण पंपाचा झोत लागला की उठते,
प्रवाळांच्या तोंडावर जाऊन बसते,
आठवडाभर टाकीत नुसतं दूध.
तिसरी म्हणजे भरडलेलं प्रवाळ, डाळीएवढं,
स्वस्त; तिच्या फटींत उष्टं कुजत राहतं
आणि पाणी बिघडतं कुणाला पत्ता न लागता.
मधलीबद्दल मी बोलत नाही.
गिऱ्हाइकानं तिथं आपल्या पायांनी पोचावं
असा माझ्या बापाचा नियम.
त्यानं याच दुकानात चाळीस वर्षं कॅनरी विकल्या.
समुद्र त्यानंही पाहिला नव्हता.

काळीही आहे, मी सांगते, ज्वालामुखीची.
तिच्यावर पिवळा मासा उठून दिसतो.
"कुणाला?" तो विचारतो.

बोटाएवढा आहे त्याचा मासा.
दिवे मंदावले की वाळूत सूर मारतो
आणि सकाळपर्यंत तीच पांघरून झोपतो.
"अंथरूण त्याचं. रंग मी कशाला ठरवू?"
मधल्या पिशवीतले चार दाणे तो
मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहतो,
बाळाच्या दुधाची ऊब पाहावी तसे.

मग जाकिटातून बाटली काढतो. नारळाचं व्हिनेगर,
घरचं, तळाशी एक मिरची विसरलेली.
पहिल्या वर्षी त्यानं फसून
मुलांच्या खेळातली वाळू आणली होती, हार्डवेअरच्या दुकानातून.
महिन्याभरात सगळं तपकिरी, काचेवर साय.
"तिच्यात आवाज नव्हता," तो म्हणतो,
आणि दाण्यांवर एक थेंब सोडतो.
"ऐका."

आम्ही दोघं वाकतो.
चुर्र नाही, फुस्स नाही,
त्याहून बारीक काहीतरी.

"सिकिहोरला आमच्या दारापुढची वाळू
पोपटमाशांनी केलेली.
प्रवाळ कुरतडायचं आणि मागून पांढरंशुभ्र सोडायचं.
लोक विमानानं येतात, तिच्यावर मधुचंद्र करतात!"
मी इतकी हसते की मागचा काकाकुवाही हसतो.
रोदेलियो हसत नाही आता.
"माझा काका बाटलीत दारू ठासायचा. स्फोटाची.
त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
एका सकाळी पोपटमासे पोट वर करून किनाऱ्याला लागले,
निळे, हिरवे, मी एकशे बारापर्यंत मोजले.
वाळू काही लगेच संपली नाही.
वाळूला कळायला वेळ लागतो."

पुढं काय म्हणावं मला सुचत नाही.
मी कॅल्क्युलेटर पुढं ओढते.
दोन इंचांचा थर, त्याहून कमी नको, मासा उघडा पडेल.
चार पिशव्या. मधल्या.
धुऊ नका असं वर छापलंय, तरी तो धुणार.
धुणं हेच तर त्याचं काम.

तो गेल्यावर दिसतं, बाटली इथंच राहिली.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी मी
खिडकीच्या आतल्या कट्ट्याशी उभी राहते.
इथलाच दगड, शहराबाहेरच्या खाणीतला,
विनिपेगच्या निम्म्या इमारतींत असतो तो,
ठिपक्याठिपक्यांचा. एका ठिपक्यात गोगलगाईसारखं वेटोळं;
लहानपणी बापाची वाट पाहताना
मी त्यात करंगळी फिरवायची.

एक थेंब.
काही नाही.
रस्त्यावरून बर्फ ओढणारा ट्रक गेला, काच थरथरली, थांबली.
मग वेटोळ्याच्या कडेला, फार सावकाश,
एक बुडबुडा. दुसरा.

मी कान लावला. किती वेळ ते माहीत नाही.
नंतर फडक्यानं कट्टा पुसला,
बाटलीला त्याच्या नावाची चिठ्ठी डकवली
आणि गल्ल्याशेजारी ठेवली.
शनिवारी येईल. दगडाचं सांगेन त्याला,
किंवा आधी मासा कसा झोपला ते विचारेन.