चेहरा दिसेपर्यंत

आधी अर्थिंग, मग बाकी सगळं.
एकतीस वर्षं फेरीवर हेच सांगत आले पोरांना,
कुइवास्तूच्या धक्क्यावर, खाऱ्या वाऱ्यात,
जिथे तांब्याची तार दोन हिवाळ्यांत हिरवी पडते.
पाणी आणि वीज एका घरात नांदवायच्या
म्हणजे दोन खाष्ट जावा.
मध्ये भिंत हवी, आणि त्या भिंतीला कान हवेत.

तर सॉनाच्या बाहेरच्या खोलीत,
बाप जिथे बर्चची लाकडं रचायचा,
तिथे मी राखाडी पेटी ठोकली.
तीन फेज, तीन कॉइल, दोन-दोन हजार वॅट.
पन्नास लिटरचं पातेलं आणलं
बंद पडलेल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरातून;
बुडाशी अजून कोरलेलं आहे, ‘सूप ३’.
धडधाकट पातेल्याला भोक पाडायचं,
हात धजेना.
मग तेलाचे थेंब सोडत, ड्रिल तापू न देता,
अर्धा दिवस एका भोकाला.
अशी चार.

वाल्दुर कुंपणापलीकडून रोज विचारी,
"हेल्वे, पाणबुडी कधी सोडतेस?"
"तू लाकडं फोड," मी म्हणे.

पहिली चाचणी नुसत्या पाण्याची.
बटण दाबलं, आणि खट्.
खोली काळोखी. घरातला रेडिओ अर्ध्या वाक्यात गप्प.
तीस मिलिअँपिअर. इतकीशी गळती
माणसाच्या बोटाला जेमतेम मुंगी चावल्यासारखी,
पण पेटीने ओळखली.
राग आला नाही. बरंच वाटलं,
कुणीतरी जागं होतं.
दोन दिवस शोधत होते.
दुसऱ्या कॉइलचा वायसर उलटा,
मीच बसवलेला,
आणि त्यामागे मोहरीएवढं पाणी.

बापाकडे थर्मामीटर नव्हता.
पाणी रटरटू द्यायचा, मग जाळ ओढून घ्यायचा,
टोपी मागे सारून काळ्या कढईवर वाकायचा.
वाफ विरळ होत जाई.
पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की म्हणे, "आता."
आणि माल्ट ओतायचा जुनिपरच्या फांद्यांवर.
आम्ही पोरं श्वास धरून. ते तोंड
आम्हाला कधी दिसलं नाही, आम्ही बुटके.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी
मी पाणी उकळलं, कॉइल बंद केल्या,
सेन्सर आत सोडला आणि वाकले.
पुस्तकातला आकडा शहात्तर.
शहात्तरला नुसतं धुकं.
चौऱ्याहत्तरला एक कान, बहुधा माझाच.
नाक, चष्मा, कपाळावरची जुनी खोक
उमटली तेव्हा पेटीवर लाल आकडे: एकाहत्तर.
पुन्हा केलं. दार लावून, दार उघडून.
खोली जितकी गार, तितका वेळ वाफ हटत नाही,
तितकं पाणी निवतं,
तितकी माल्टमधली साखर यीस्टला सोपी जाते.

म्हणजे नाताळची बिअर जी चढायची,
काका टेबलावर उभा राहून जी शपथ घ्यायचा,
आजी जी एकदाच, एकाच वर्षी, हसली होती,
तो सगळा पाच अंशांचा फरक.
आम्ही समजत होतो, सण आहे.

पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने
पेन्सिलीने लिहून ठेवलं:
जून ७६. नाताळ ७१.
खाली काही नाही. कारण लिहिलं नाही.

वाल्दुरने पहिला मग संपवला.
"धुराचा वास नाही," म्हणाला.
"नाही."
"पंप फार गुणगुणतो."
"हो."
मग त्याने मग पुढे केला, रिकामा, माझ्याकडे न बघता.

आता रात्रीचे अकरा.
कॉइलवर तपकिरी साय करपून बसली आहे,
लिंबाच्या सत्वाने घासते आहे.
यंत्र आलं म्हणून घासणं कुठे गेलं?
प्लग काढलेला आहे.
पुन्हा एकदा जाऊन बघते.