एकशे सतरा

त्र्यंबक रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत
इन्क्युबेटर सदतीस अंशांवर असतो.
निकुंभ मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
पोटात जेवढी ऊब, तेवढीच इथे ठेवायची,
म्हणजे जंतूला वाटतं आपण घरीच आहोत.

मी बाटल्या आणते.
दिंडोरी, मोहाडी, जानोरी, खडक सुकेणे.
स्कूटीच्या पायदानावर बर्फाची पेटी,
पेटीत सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला आलेल्या
गरोदर बायकांची सकाळची पहिली लघवी.
एकदा नाक्यावर हवालदाराने विचारलं, पेटीत काय?
खरं सांगितलं तसा
झाकणावरचा हात त्याने मागे घेतला.

फॉर्मवर एकवीस प्रश्न.
जळजळ होते का, अंगावरून पांढरं जातं का,
बाळंतपणं किती, त्यातली जिवंत किती.
कामावर आडोसा आहे का,
हा बाविसावा मी पेनाने समासात लिहिला.
बायका हसल्या.
मांडवाखाली सगळं आरपार दिसतं, बाई.
या टोकाला बसलं
तर त्या टोकाचा मुकादम बघतो.
म्हणून पाणीच प्यायचं नाही.
सकाळी भरलेला हंडा
संध्याकाळी तसाच.

चांगुणा भोये, वय बावीस, सातवा महिना.
विरळणीच्या कात्रीने हिरवा झालेला अंगठा
शाईत बुडवून कागदावर दाबला.
बाटली घेऊन शेडमागे गेली,
जरा उशिराच आली.
बाटली बाहेरून पुसलेली होती,
लोणच्याची बरणी पुसावी तशी.
मी चिकटपट्टीवर लिहिलं: ११७.

दुसऱ्या दिवशी थाळीत गुलाबी ठिपके,
दाटीवाटीने,
विरळणी राहून गेलेल्या घडासारखे.
मोजून संपेनात.
मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
त्रास काही नाही म्हणाली ना?
असंच असतं. दुखत नाही, खुपत नाही,
आणि मग दिवस भरायच्या आधीच
एका रात्री कळा.

नंबर मुकादमाचा होता.
टोळी उगावला गेली, म्हणाला,
आणि ठेवला.
आमच्या वहीत यासाठी एक रकाना आहे,
'पाठपुरावा निसटला'.
भरायला पाच सेकंद लागतात.

सोमवारी उगावला गेले.
चांगुणा मगात एकेक घड बुडवत होती,
वर बघून मान आखडलेली.
मी गोळ्यांचं बोलले, निफाडच्या दवाखान्याचं,
फुकट आहे तेही सांगितलं.
तिने मग खाली ठेवला.
ती माझी नव्हती, म्हणाली,
आणि तिसऱ्या ओळीकडे बघितलं.

तिसऱ्या ओळीत तिची जाऊ, येसू.
वर नवऱ्याचा शर्ट चढवलेला, सगळी बटणं लावून.
पाचवा असावा.
यादीत नाही. कुणाच्याच यादीत नाही.
दोनदा नाव नोंदवलं होतं, कार्ड झालं होतं,
दोन्ही खेपा सातव्यात गेल्या.
या वेळी कुणाला सांगायचं नाही ठरलं,
आशाताईला नाही, टोळीत नाही,
घरच्या देवापुढेही नाही.
पण एकदा बघून घ्यावं, वाटलं तिला.
म्हणून नाव माझं, चांगुणा म्हणाली,
पाणी तिचं.

मॅडम फोनवर बराच वेळ गप्प.
चार वर्षांचा अभ्यास, त्यांचे नियम मला पाठ आहेत.
मग म्हणाल्या,
एकशे सतरा खोडून टाक.
आणि तिला गाडीवर बसव.

येसू मागे बसली, एका बाजूला पाय सोडून,
मधे रिकामी पेटी.
मी एकेक खड्डा चुकवत होते,
तरी प्रत्येक खड्ड्याला तिची बोटं
माझ्या खांद्यात रुतत होती.
निफाडपर्यंत अक्षर बोलली नाही.

केसपेपरच्या खिडकीतून माणसाने विचारलं, नाव?
ती माझ्याकडे बघत राहिली.
मागे रांग खोकत होती.
नाव सांगा ना बाई, पटकन.
येसू जाळीपर्यंत वाकली.
सांगते, म्हणाली,
पण मोठ्यानं वाचू नका.