टाकीतली टाळी

शरणपूरच्या चर्चमागे एक टाकी होती,
दगडी, चौकोनी, उन्हाळ्यात कोरडी.
सहासष्टच्या मे महिन्यात एलिशामामानं मला
शिडीवरून आत उतरवलं
आणि वरून म्हणाला, वाजव.

मी नऊ वर्षांची. टाळी वाजवली.
ती भिंतींना लागून परत आली
जरा ओली, जरा थोराड,
कुणा दुसऱ्याच बाईची असावी तशी.

वर मामा, मांडीवर टेपरेकॉर्डर,
देवळाली कॅम्पातल्या लिलावात घेतलेला.
“घाई नको गं. गाणं येईल तुझ्यामागे,
तू नको जाऊ त्याच्यामागे.”
छत्तीस टाळ्या. तळहात लालभडक.
मग सायकलच्या दांडीवर बसवून उसाचा रस, बिनबर्फाचा.

तांबट आळीतून भाड्यानं घंगाळ आणलं होतं,
त्यात चार बोटं पाणी घालून, तिरकं धरून
त्यानं त्यातून ढोलकीचा बाप काढला.
गिटारच्या तारेखाली पोस्टकार्ड सरकवलं,
आत्याचं, खुशालीचं.

मुंबईला गेली ती सगळी अडीच मिनिटं.
तबकडीवर तीन नावं आली:
गाणारीचं, लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं.
मामाचं नाव मधल्या भोकात पडलं असेल,
आई म्हणायची.

चौदा तबकड्या. चौदा भोकं.

एकाहत्तरला तो परत आला, एक ट्रंक घेऊन,
आणि नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात लागला.
तिथंही सही दुसऱ्याचीच असते, म्हणाला,
आणि हसला, एवढंच.
मातीच्या वेळी पाळकांनी वाचलं:
नोटप्रेस, निवृत्त. ऑर्गन दुरुस्त करीत.

परवा गंगापूर रोडला रसवंतीत
पोऱ्याच्या मोबाईलवर ते गाणं लागलं.
चरकाचे घुंगरू ठेका चुकवत होते.
“कुणाचं रे?” विचारलं. त्यानं गाणारीचं नाव सांगितलं, अचूक.
दुसऱ्या अंतऱ्याआधी मी पिशवी खाली ठेवली,
हात मोकळे केले,
आणि छत्तिसाव्या टाळीपर्यंत नुसती उभी राहिले.
रस कोमट झाला.

टाकीच्या जागी आता पार्किंग आहे.
तिथून घरी जाताना आत वळले,
दोन स्कूटरांच्या मधे उभी राहून
एक टाळी वाजवून पाहिली.
थोडा वेळ काहीच नाही.
मग कोपऱ्यातून वॉचमन आला.
“बोला ताई,” म्हणाला.