दक्षच्या मापाचा डोंगर

शनिवारी रात्री ताटं उचलली
आणि त्याच जागी नकाशा पसरला.
एका कोपऱ्यावर अडकित्ता, दुसऱ्यावर चटणीची बरणी.
योगराज म्हणाला, अस्तंबा.
म्हणणारच. सतराव्या वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री
मित्रांबरोबर चढला होता,
तो अजून उतरलेला नाही.

भार्गवी अकरा वर्षांची, तिला सगळ्यात उंच असेल ते.
दक्ष सहाचा. त्याला एवढंच विचारायचं होतं
की वर संडास आहे का.

मी फूट मोजले नाहीत.
मी मोजलं, गोमाईच्या पुलापासून पाटचारीपर्यंत
दक्ष किती वेळा "उचल" म्हणतो.
पहिल्या रविवारी चारदा.
दुसऱ्या रविवारी दोनदा, आणि एकदा
काही न बोलता नुसते हात वर.
माझ्या उजव्या गुडघ्याचंही एक मत होतं,
ते मी कुणाला सांगितलं नाही.

तोरणमाळ? गाडी थेट तळ्याशी जाते.
भार्गवी म्हणाली, मग डोंगर आपण चढलो
की बोलेरो?
लळिंग तर मामाकडे जाताना खिडकीतून दिसतोच,
त्याच्यासाठी डबा कशाला.
आणि अस्तंब्याचं नाव ऐकून
शेजारची जिजी कठड्यापलीकडून बोलली,
"हाऊ डोंगर पोरेसना नहीं, माय."

सोमवारी मधल्या सुट्टीत
रायसिंग पावरा सरांना विचारलं. ते धडगावकडचे.
म्हणाले, ऊन कितीला चढतं ते राहू द्या,
धाकटा कितीला चिडतो?
घसरला तर रडतो की हसतो?
मग खडूचे हात झटकत म्हणाले,
आमच्या पाड्यामागे एक आहे. नाव काही नाही त्याला.
शेळ्या जातात वर.
अस्तंबा तिथून समोर दिसतो,
आणि अर्ध्यातून परतायची लाज वाटावी
एवढा काही मोठा नाही तो.

दक्षनं सगळ्यातून एकच उचललं:
कपाळाची जखम घेऊन अश्वत्थामा तिकडे फिरतो
आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो.
त्यानं खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुतली,
शेंगदाण्याचं तेल भरलं,
झाकण लावलं, त्याच्या मते घट्ट.

मार्गशीर्षातली सकाळ. पाड्यावर चुलींचा धूर
जमिनीलगतच बसलेला.
सर पुढे, कुत्रं त्यांच्याही पुढे.
वाळलेल्या गवतातून कुसळं मोज्यात,
सागाच्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखं.
दक्ष तीनदा म्हणाला, उचल.
एकदा मी उचललं, एकदा योगराजनं.
तिसऱ्यांदा भार्गवी थांबली. म्हणाली,
माझी पिशवी तू घे, तुझी मी घेते.
का कोण जाणे, तो चालला.

वर वारा होता आणि बसायला तीन दगड.
समोर अस्तंबा, निळा, एकटाच.
योगराज बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, त्या रात्री मी वरपर्यंत नव्हतो गेलो.
चप्पल तुटली. पाणी संपलं. पोरं पुढे निघून गेली.

बावीस वर्षं आम्ही सगळ्यांनी
त्याचं ते शिखर ऐकलेलं.
मी भाकरीचं फडकं सोडायला लागले.

मग खाली कसे आलात पप्पा?
एका माणसानं वाट दाखवली.
दक्ष उठून उभा राहिला.
त्याच्या कपाळाला लागलं होतं?

योगराजनं विचार केला. खरंच केला.
अंधार होता रे, म्हणाला.

तेल वाटेतच सांडलं होतं.
कळण्याच्या भाकरी, ठेचा, भार्गवीची टोपी,
सगळ्यांनी आपापला वाटा घेतलेला.
बाटलीत बोटभर उरलं होतं.
दक्षनं ती अस्तंब्याकडच्या दगडाला टेकवून ठेवली.
दहा पावलं उतरला,
परत धावत वर गेला
आणि झाकण अर्धं फिरवून आला.

म्हाताऱ्यांना उघडत नाही, म्हणाला.